दहाच पदार्थ खाता? मग हिशोब सोपा आहे

प्रश्न: वय ४७, इंदूर. सहा महिन्यांपूर्वी डायबिटीस निघाला, टाइप टू. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.२. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. लहानपणापासून माझे खाण्याचे नखरे फार. पालक, गिलकी, दुधी, वांगं काहीच गळ्याखाली उतरत नाही. मऊ, गिळगिळीत काही तोंडात आलं की उलटी येते. खातो ते पोहे-सेव, पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात, पिठलं, दही, पनीर, शेंगदाणे, उपासाला साबुदाणा. आहारतज्ज्ञांनी ओट्स आणि सॅलडचा तक्ता दिला. चार दिवस टिकला. पाचव्या रात्री ११ वाजता मी उभ्याउभ्या टोस्टचं अख्खं पाकीट संपवलं. बायको म्हणते, तुम्हाला बरं व्हायचंच नाही. – पोहेवाला

पोहेवाले दादा,

आधी वहिनींना सांगा, ती भूक होती. दिवसभर ताटातलं काही खाल्लं नाही तर रात्री डब्यात हात जाणारच. तो तक्ता ठेवून द्या. तुमची यादी दहा पदार्थांची आहे. सगळं खाणाऱ्याला पन्नास पदार्थांचे कार्ब्स (कर्बोदकं, ज्यांची पोटात साखर होते) लक्षात ठेवावे लागतात, तुम्हाला दहाचे. एक डिजिटल वजनकाटा आणा आणि आठवडाभर सगळं कच्चं असतानाच मोजा. शिजल्यावर पाण्याने वजन फिरतं. फक्त बटाटा आणि भात यांचे आकडे खाली शिजल्यावरचे दिले आहेत.

पोह्यांपासून सुरू करू. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ७५ ग्रॅम कार्ब्स. घरी भरून घेतलेल्या बशीत ८० ग्रॅम पोहे सहज जातात, म्हणजे सकाळीच ६०, वर जलेबी असेल तर वेगळे. आता ४० ग्रॅम पोहे भिजवा: कार्ब्स ३०. बशी रिकामी दिसेल, ती भरायला २० ग्रॅम शेंगदाणे आणि ५० ग्रॅम पनीरचे तुकडे तव्यावर कडक परतून घाला. दोन्हींचे मिळून कार्ब्स जेमतेम ५, प्रथिनं १४ च्या आसपास. सेव वरून दोन चमचे, मूठ नाही. कांदा, लिंबू, जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) हवं तेवढं. जीरावनात मीठ असतं, म्हणून बीपी असेल तर हात आखडता. उसळ-पोहे चालत असतील तर फारच उत्तम, फक्त उसळ जास्त आणि पोहे कमी.

दुपारी खरी गडबड होते पोळी आणि बटाट्याच्या जोडीने. घडीच्या पोळीला ४० ग्रॅम कणीक लागते, कार्ब्स २७ च्या घरात. २५ ग्रॅमच्या फुलक्यात १७. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात आणखी १८. तीन पोळ्या आणि वाटीभर भाजी म्हणजे शंभरी. एका जेवणात ४०-४५ धरून चला. नेमका आकडा डॉक्टर ठरवतील. दोन फुलके घेतले तर बटाटा चार फोडी आणि बाकी पनीर; घट्ट वरण हवं तर एक फुलका कमी. घट्ट म्हणजे वाटीत ३० ग्रॅम डाळ. घरोघरी वरण म्हणून जे पिवळं पाणी असतं त्यात दहाच ग्रॅम निघते, पोट भरत नाही, मग भात वाढतो. शिजलेला भात १०० ग्रॅमला २८, दाबून भरलेली वाटी ४० पर्यंत जाते. भात हवा त्या दिवशी पोळी नको. आणि आधी वरण, पनीर, दही खा, पोळी-भात मागून. तेवढ्यानेही जेवणानंतरची शुगरची उडी कमी होते.

भाज्यांचं म्हणाल तर तुमचं भांडण चवीशी कमी, मऊपणाशी जास्त दिसतं. म्हणून कुरकुरीत करून बघा: काकडीच्या फोडींवर जीरावन, पातळ चिरून कडक केलेली भेंडी, बेसनाच्या धिरड्यात बारीक किसलेला कोबी. एका वेळी एकच, दोन घास, आणि नको झालं तर सोडून द्या. आठ-दहा वेळा समोर आल्यावर जीभ नरमते कधीकधी. नाही नरमली तरी शुगरचं गणित अडत नाही.

साबुदाणा मात्र वाईट बातमी आहे. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ५० च्या वर, त्यात बटाटा. भगरीने फारसा फरक पडत नाही. उपास दही, शेंगदाणे, पनीरवर काढा, पण ग्लिमेपिराइड घेऊन उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारा.

कारण ही गोळी तुमच्या ताटाकडे बघत नाही, शुगर खाली ढकलतच राहते. तुम्ही कार्ब्स निम्मे केले आणि डोस तोच राहिला तर हात थरथरणं, घाम, धडधड. म्हणून कपात सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना फोन करा. शुगर ७० च्या खाली गेली तर पाण्यात तीन चमचे साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. जलेबी नाही, तिच्यातल्या तुपा-तेलाने साखर उशिरा चढते. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही विचारा. आणि वाचकांपैकी कुणी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या घेत असेल तर कार्ब्स मनाने एकदम तोडू नका, कीटोअ‍ॅसिडोसिसचा म्हणजे रक्तात घातक आम्ल साठण्याचा धोका असतो.

कोणता पदार्थ किती चालतो हे तुमचा ग्लुकोमीटर सांगेल. जेवणाआधी एकदा, मग पहिल्या घासापासून दोन तासांनी. शेवटच्या घासापासून मोजलं तर आकडा उगाच चांगला येतो. हात साबणाने धुवा; बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर पट्टी तोच मोजते. साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत. फरक ५०-६० च्या वर गेला तर तो पदार्थ पुढच्या वेळी पाव भाग कमी करा, वगळू नका. जेवून १५ मिनिटं पायी फिरलात तर तोच पदार्थ कमी चढतो, तेही मोजून बघा.

रात्रीच्या टोस्टच्या जागी उशाशी ३० ग्रॅम भाजके शेंगदाणे ठेवा, कार्ब्स ५. ‘शुगर फ्री’ बिस्किटं आणू नका, मैदा त्यातही असतो. आणि रविवारची जलेबी? मध्यम आकाराच्या एकीत १५ ते २० ग्रॅम. ती खायची त्या दिवशी पोहे २० ग्रॅमच भिजवायचे.