कडी तूच लाव

अरे, तुझा परवा रात्री पावणेबाराला आलेला मेसेज सकाळी चहा पिताना बघितला, आणि त्याला जोडलेली ती सतरा पानांची पीडीएफ, मोबाईलवर अक्षर लागेना म्हणून ह्यांच्याकडून वाचून घेतली. ५०० पक्षी, तेही कडकनाथ, ती काळ्या कोंबड्यांची जात, बँकेचं लोन, अंडी उबवायचं मशीन, पहिल्या वर्षी नफा एवढा आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी तू काय विचारलंयस, तर मावशी, नाव काय ठेवू, लोगोवाला थांबलाय.

थांबू दे त्याला.

नोकरी गेली, नवी मुंबईतली घणसोलीची रूम सोडलीस, बॅगा घेऊन गावी आलास, त्यावर मी काही बोलत नाही. तुझी आई आणि मी पाचवीपासून एका बाकावर, तुमच्या घरात कपाळाला हात लावून बसायची पद्धत नाही हे मला माहितीये. काहीतरी तू करणारच. मला खटकलं ते वेगळंच. त्या सतरा पानांत शेडचा नकाशा आहे पण दार कुठल्या बाजूला, कडी कसली, आणि रोज तिन्हीसांजेला ती लावणार कोण, हे कुठेच नाही. एक ओळ आहे फक्त, "देखरेखीसाठी एक मजूर". तिथेच मी ह्यांना म्हटलं बस करा आता वाचायचं.

कडी तू लावायचीस. मजुराने नाही, आईने नाही, शेजारच्या पोराला वीस रुपये देऊन नाही. पाहुणे आले असतील, क्रिकेटची मॅच असेल, ताप आला असेल, तरी तूच. हे जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी पुढचं लिहीतच नाही.

आता ५०० चं. कडकनाथ वाईट नाही रे, मूळचा मध्यप्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ ला त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं, पण त्याच्या नावावर माणसं कशी येडी होतात ते २०१९ ला इस्लामपूरकडे बघितलं की आपण, पैसे भरा, पक्षी घ्या, अंडी आम्हीच परत घेतो म्हणत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तू दहा आण. दहा गावरान तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा. हिशोब ऐक, गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, फार तर ऐंशी, मध्ये ती खुडूक होते, म्हणजे उबवायला बसते, तेव्हा बंदच. म्हणजे दहांची झाली सहाशे-सातशे. गावात दहा-पंधरा रुपयाला एक जातं. काढ किती होतात ते. त्यावर घर चालत नाही, बरोबर, आणि तुझं चालावं असं मी म्हणतपण नाहीये, पहिलं वर्ष तू फक्त रोज घरी असायला शिकायचंस. गेली चार वर्षं तू रात्री अकराच्या आत कधी घरात शिरलायस? कोंबडी दिवेलागणीला शिरते. तिला कोणी बोलवायला लागत नाही, फक्त नवीन आणल्यावर पाच-सहा दिवस आतच कोंडून ठेव, दाणापाणी आत दे, म्हणजे तिला हे आपलं घर हे कळतं, मग सोडलीस तरी अंधार पडायच्या आधी आपली येऊन दांडीवर बसते. उशीर करणार असलास तर तूच करणार.

खुराडं मात्र मृगाच्या आत व्हायला हवं. आज तारीख काय, म्हणजे महिना-सव्वा महिना हातात आहे. जागा कुठली धरलीस? फोटोत विहिरीजवळची दिसते, तिथे नको, तिथे पावसात चिखल हटत नाही. मागीलदारी फणसाच्या वरच्या अंगाला कर, जरा चढावर आहे ते. चिऱ्याचं जोतं घे दोन फूट उंच. सहा बाय चार पुरे होतं दहा-बारांना, पण उंची अशी ठेव की तुला वाकून का होईना आत शिरता आलं पाहिजे, झाडायला. लोक गुडघ्याएवढं खुराडं बांधतात आणि मग आतली घाण काठीने ओढत बसतात आणि चार महिन्यांनी ओढायचंच सोडून देतात. आपला पाऊस पश्चिमेकडून येतो, तेव्हा ती बाजू आणि दक्षिण बंद, चिऱ्याची किंवा फळ्यांची, आणि पूर्वेला जाळी, म्हणजे सकाळचं ऊन आत पडतं. पूर्वेलाच दार. पत्र्याला पावळी चांगली दोन-अडीच फूट पुढे काढ, झडीला एक थेंब आत येता कामा नये. कौलं घालू नकोस, तुमच्याकडे माकडं किती आहेत ते मी सांगायला नको. पत्रा तापतो म्हणून मे महिन्यात वरती झावळ्या टाकायच्या.

खाली तूस पसर, तीन इंच. पावसाळ्यात ते ओलं झालं की आत डोकं घातल्यावर डोळे चुरचुरतात, तो वास आला म्हणजे तू कंटाळा केलायस असं समज, आणि लगेच बदल, नाहीतर पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि दोन दिवसांत खेळ आटोपतो. थोडा चुना मार. काढलेलं तूस माडाच्या बुंध्याला ताजं घालू नकोस, कुजू दे आधी. बसायला दांडी दोन इंच जाडीची, बारीक काठी नको. अंडी घालायला भिंतीकडेला अंधाऱ्या जागी दोन-तीन टोपल्या.

जाळीचं नीट ऐक. दुकानात ती षटकोनी भोकांची कोंबडीजाळी दाखवतील, स्वस्त आहे, ती घेऊ नकोस. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही, कुत्रापण दाताने फाडतो. अर्धा इंची वेल्डमेश घे, ती वेल्डिंग केलेली चौकोनी भोकांची जाड तारेची जाळी. आणि ती जोत्याच्या बाहेरून चारी बाजूंनी एक फूट जमिनीत उतरव आणि खाली बाहेरच्या दिशेला वाकव. त्यासाठी चर खणायला लागतो, दोन दिवस मोडतात, आणि गडी म्हणेल कशाला एवढं, जोतं आहे की. गड्याचं ऐकू नकोस.

हे मी का सांगत्ये ते लिहायचं की नाही, सकाळपासून ठरत नाहीये. लिहिते.

२०१३ च्या मे महिन्यात डोंबिवलीला भाचीचं लग्न होतं. माझ्याकडे तेव्हा बावीस कोंबड्या आणि एक कोंबडा. तीन रात्रींचा प्रश्न, म्हणून जावेला सांगून गेले, एकच खळं, म्हणजे अंगण, आमचं, तिची पडवी अलीकडे माझी पलीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन, एकोणीस मेल्या. हॉलवर नवरीला हळद लावत होते आणि मी फोनवर ओरडत होते, कडी लावली नाहीस ना? ती म्हणाली लावली गो, सकाळी मीच उघडली, कडी होती तशी होती. मी म्हटलं खोटं बोलू नकोस, मागाहून लावली असशील. तेवीस जणांचा खुराडा आणि त्यातल्या एकोणीस, मानेवर दात, रक्ताचा थेंब नाही धड. ती म्हणत होती अंग गरम होतं गो अजून, हात लावला तर गरम.

ते गरम अंग मी ऐकलंच नाही. मला कळायला हवं होतं, कोंबड्या काय मी काल पाळल्या नव्हत्या. रानमांजर येतं ते रात्री. मुंगूस दिवसाचा, उजाडता उजाडता फिरतो, आणि कोंडलेल्या जागेत शिरला की एक घेऊन जात नाही, फडफडेल तिला चावत सुटतो. अंग गरम होतं म्हणजे पहाटेचं काम. आणि कडी लावलेली असताना पहाटे आत शिरला म्हणजे दाराने शिरलाच नाही. एवढं सरळ होतं. पण मला जावेचा चेहरा दिसत होता फक्त, आणि आमचं आधीच पाण्याच्या पंपावरून काहीतरी चालू होतं, ते निमित्त झालं.

२०१९ ला मी जुना खुराडा मोडून नवीन बांधायला घेतला. मागच्या बाजूचा चिरा काढला तर खाली घुशीचं बीळ, चांगलं मनगट जाईल एवढं, थेट आतल्या कोपऱ्यात तुसाखाली निघालेलं. त्यात जुनी पिसं होती, मातीत रुतलेली. घुशीने वाट केली आणि तिच्यातून मुंगूस आला. गड्याने विचारलं काय झालं वहिनी, मी म्हटलं काय नाही, टाक माती.

जावेला मी ते अजून सांगितलेलं नाही. बोलतो आम्ही, म्हणजे गणपतीत आरतीला, कोणी आजारी असलं तर, दूधवाल्याचे पैसे. बाकी नाही.

आता तू म्हणशील, म्हणजे कडी लावलेली होतीच, मग मावशी तुझं हे कडी कडी काय चाललंय? तुझ्या जागी मीपण तेच म्हटलं असतं. तर ऐक. मी स्वतः लावायला गेले असते तर नुसती कडी अडकवून परत फिरले नसते. मी मोजते. दांडीवर बसल्या की टॉर्च मारून मोजते, मग जाळीवरून हात फिरवत मागून गोल फिरून येते, आणि वाकले असते तर ती उकरलेली ताजी माती मला दिसली असती. जावेची चूक नाही. तिला मी कडी लाव सांगितलं, तिने कडी लावली. फेरी मार हे मी सांगितलंच नव्हतं कारण मी फेरी मारते हे माझं मलाच माहीत नव्हतं. दुसऱ्याला कितीही समजावलंस तरी तू जे हाताने करतोस त्यातलं अर्धंच तुला सांगता येतं. म्हणून म्हणते, कडी तूच लाव.

तेव्हापासून मी लावत्येय. आमची मुलगी म्हणते आईला कोंबड्या जास्त प्रिय. तिच्या बाळंतपणाला मी पुण्याला तीन दिवस राहिले आणि परत आले, तिसऱ्या दिवशी तिला टाके दुखत होते आणि मी एसटीत बसले. हे एकटे काशीला जाऊन आले दोन वर्षांपूर्वी. लोक हसतात, आणि मुलीचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही, तिच्या जागी ती बरोबरच आहे. पण एक सांग, मी तेव्हा राहिले असते आणि मागे परत काही झालं असतं तर मी परत कोणावर तरी ओरडलेच असते ना? मला माझा स्वभाव माहितीये. माझ्या हातून लागलेली कडी असली की ओरडायला माणूसच उरत नाही. ह्याला तू हट्ट म्हण.

जाऊ दे. लसीचं राहिलं. पिल्लं सात दिवसांची झाली की मानमोडीची लस, लासोटा, डोळ्यात एक थेंब. चौदाव्याला गंबोरो रोगाची. आठ आठवड्यांची झाली की पंखाखाली टोचायची ती आरटूबी, तीपण मानमोडीचीच. ह्या चुकवल्यास तर मानमोडी येते आणि तिला औषध नाही, वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एका आठवड्यात मान वाकड्या करून बसतात. लसीची बाटली शंभर डोसची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायला लागते, म्हणून आधी वाडीत कोणाकोणाकडे पिल्लं आहेत विचार आणि एकाच दिवशी सगळ्यांची कर. बर्फाच्या थर्मासमधून आण, एसटीच्या डिकीत टाकून नको. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कर आधी.

विकायचं म्हणशील तर शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की कोंबडा शोधत फिरतात, राखणीला, म्हणजे राखणदार देवाला द्यायला लागतो, आणि गटारीच्या आठवड्यात तर भाव विचारायलाच नको. त्यानंतर श्रावण, दुकान बंद. हे धरून पिल्लं काढ, कोंबडी २१ दिवस बसते, पुढे कोंबडा विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने, तूच मागे मोज. आणि अफवेची तयारी ठेव. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, कुठे नंदुरबार कुठे आम्ही, तरी आमची अंडी कोणी फुकट घेईना. २०२० ला परत तेच, कोंबडी खाल्ली की कोरोना होतो म्हणे. दहा असल्या तर अशा वेळी घरात खाऊन संपतात. ५०० असल्या तर बँक थांबते का?

त्या पीडीएफवाल्याला पैसे दिले नसशील अजून तर देऊ नकोस. दिले असशील तर किती ते मला सांगू नकोस, उगाच माझं डोकं फिरेल.

रविवारी ये सकाळी. टेप घेऊन ये, माझा खुराडा मोजून ने, आणि मागच्या बाजूला जाळी कशी उतरवल्येय ते बघ, चार इंच उकरून दाखवते. दोन तलंगा माझ्याकडच्या ने, बाकीच्या वाडीत मिळतील. वेल्डमेशचं अर्धं भेंडोळं उरलंय, तुला पूर्वेच्या बाजूला पुरेल, पण ते जावेच्या पडवीत आहे, माळ्यावर. गेल्या पावसात आमच्याकडे गळत होतं म्हणून ह्यांनी तिकडे ठेवलं. तू आलास की तिच्याकडून माग, सांग मावशीने पाठवलंय.

किंवा नको, तू नको मागू. मीच आणून ठेवते.

— मावशी