ब्लॅकबर्ड खरंच गळायचं का?

प्रश्न: अमेरिकेचं एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे हेरगिरीचं विमान जमिनीवर उभं असताना त्यातून इंधन गळायचं असं ऐकलंय, खरंय का? आणि एवढं भारी विमान रिटायर का केलं?

उत्तर: हो, खरंच गळायचं! आवाजाच्या तिप्पट वेगाला बॉडी इतकी तापायची की टायटॅनियम प्रसरण पावायचं, म्हणून जोडांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या, आणि त्या फटींवरचं सीलंट (फटी बुजवायचा लेप) उष्णतेने सारखं खराब व्हायचं, मग खाली थेंब थेंब. पण जेपी-७ इंधन सहजासहजी पेट घेत नाही म्हणून चाललं. गंमत म्हणजे ते टायटॅनियम बरंचसं सोव्हिएत युनियनकडूनच आडमार्गाने घेतलेलं, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच मालातून विमान!

पहिलं उड्डाण डिसेंबर १९६४ला. एकूण ३२ बनली, १२ अपघातात गेली, शत्रूला एकही पाडता आलं नाही. बंद केलं ते मुख्यतः खर्चामुळे, शिवाय हेरगिरी करणारे सॅटेलाइट आले होते. ६ मार्च १९९० ला एक विमान म्युझियमला द्यायचं होतं तर लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन ६४ मिनिटं २० सेकंदात पोचवलं, निरोप असा! नंतर ९०च्या दशकात थोडा काळ परत वापरात आणलेली, पण ते काही टिकलं नाही.