शीटमध्ये तुमचा रकाना कुठे आहे?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. नवऱ्याला स्टुटगार्टच्या एका कंपनीकडून वर्षाला ७०,००० युरोची ऑफर आली आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगी नऊ वर्षांची, तिसरीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. दोन्ही देशांची तुलना करायला आम्ही एक्सेल शीट केली : पगार, भाडं, हवा, ट्रॅफिक, दवाखाना, शाळा, सुरक्षितता आणि शहरांच्या जागतिक यादीतला क्रमांक. प्रत्येकाला दहापैकी गुण. जर्मनी ६६, भारत ४३. तरी सही करायला हात धजत नाही. आमचं काही चुकतंय का? (शीट सोबत जोडली आहे.)
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : शीट दोनदा वाचली. बेरीज बरोबर आहे. ठाण्याच्या हवेला तुम्ही दिलेले तीन गुण मीही दिले असते, आणि माजिवड्याला रोज अर्धा तास अडकणाऱ्याने ट्रॅफिकला शून्य दिलं तरी माझी हरकत नाही. पण हे रकाने तुमच्या नवऱ्याच्या बाजूने भरलेत. तुम्ही, मुलगी आणि सासूबाई, तिघी त्यात जवळपास नाहीच.

आधी तो जागतिक क्रमांक खोडा. मर्सर या सल्लागार कंपनीच्या यादीसारखी यादी, जिच्यात व्हिएन्ना कितीतरी वर्षं पहिली यायची, ती मुळात कंपन्यांच्या कामाची. बाहेरगावी पाठवलेल्या साहेबाला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा, ते ठरवायला. साहेबाच्या बायकोने तिथे दिवसभर काय करायचं, हा प्रश्न तिच्यात नाही.

मग पगार. तुम्ही ७०,००० ला शंभराने गुणून नऊ गुण देऊन टाकलेत. पेन्शन, आरोग्य, बेकारी, शुश्रूषा असे चार विमे आणि वर कर कापून हातात महिन्याला साधारण ४,००० युरो येतील, तेही नवऱ्याने विवाहितांसाठीचा करवर्ग तीन घेतला तर. हा वर्ग फायद्याचा ठरतो तो जोडीदार कमवत नसेल किंवा फारच कमी कमवत असेल तेव्हा. म्हणजे त्या नऊ गुणांतला एखादा गुण तुमच्या घरी बसण्याचा आहे. तीन खोल्यांचं घर १,५०० युरोच्या आत मिळालं तर पेढे वाटा.

मी २००९ ते २०१८ स्टुटगार्टशेजारी एस्लिंगनला होते, आता नेरूळला असते. आमचं पहिलं भाड्याचं घर उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेली दोन पाइपांची तोंडं आणि एक वायर होती. ओटा नाही, सिंक नाही. तिकडे भाडेकरू पुष्कळदा किचन स्वतःचं आणतो आणि जाताना उचलून नेतो. पाच आठवडे मी अंघोळीच्या टबात कुकर घासला.

मग एके दिवशी दाराच्या मुठीला पाटी लटकलेली : केअरवोखे. ही त्या श्वाबी, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या, मुलखातली जुनी रीत. ज्याच्या दारावर पाटी, त्याने तो आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, पुढचा फुटपाथ साफ ठेवायचा. बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत फावडं घेऊन खाली उतरायचं. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. पहिल्या खेपेला मी नुसता केर काढला. संध्याकाळी खालच्या आजींनी बेल वाजवली, मला पायरीपाशी नेलं आणि कोपऱ्यावरून बोट फिरवून ते बोट दाखवलं. बोलल्या काहीच नाहीत. मला आमच्या सोसायटीच्या झाडूवाल्या काकांची इतकी आठवण त्याआधी कधी आली नव्हती.

तुमच्या शीटमध्ये घरकामाचा रकाना नाही, कारण ठाण्यात ते काम तुम्हाला दिसतच नाही. पोळ्यांच्या मावशी, भांड्यांच्या मावशी, मुलगी शाळेतून आली की सासूबाई. तिकडे हे कोणाच्या अंगावर येईल ते मी सांगायला नको. नवरा कितीही समजूतदार असो, त्याचं बहुधा सहा महिने प्रोबेशन असेल आणि तुम्हाला ‘वेळच वेळ’ असेल.

चांगलं ते नाकारत नाही. सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवसांची रजा, आणि त्या रजेत आम्हाला साहेबाचा फोन कधी आला नाही. माझा मुलगा दहाव्या वर्षी एकटा एस-बान, म्हणजे तिकडची लोकल, पकडून पोहायला जायचा. नेरूळला मी त्याला कॉलनीच्या गेटपर्यंत सोडायला जायचे.

आता तुमचं काम. पत्रात त्याला तीन शब्द आलेत. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, गेला तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा मिळते, पण फिजिओथेरपी तिथे परवान्याशिवाय करता येत नाही. पदवीला राज्याची मान्यता लागते, जर्मन साधारण बी२ पातळीचं, म्हणजे कामकाज नीट जमेल इतकं, लागतं, आणि तुमच्या साडेचार वर्षांच्या बीपीटी पदवीत त्यांना काही कमी आढळलं तर वरचा कोर्स किंवा परीक्षा. दीड-दोन वर्षं धरून चाला आणि ती वर्षं शीटमध्ये लिहा, ठाण्यातल्या तुमच्या आजच्या कमाईसकट.

मुलीच्या बाबतीत मी घाई करा म्हणेन. स्टुटगार्टच्या राज्यात चौथीनंतर मुलं गिमनाझियम (विद्यापीठाकडे नेणारी), रेआलशूलं (दहावीपर्यंतची) अशा वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. नव्याने आलेल्यांसाठी भाषेचे वर्ग असतात, पुढे शाळा बदलताही येते; तरी त्या वाटणीआधी तिला भाषेसाठी जितके महिने जास्त मिळतील तितकं बरं.

सासूबाईंचं अवघड आहे. नवऱ्याच्या विम्यात त्या बसत नाहीत. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणजे पाहुण्या म्हणूनच. १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांच्या आईवडिलांसाठी कायद्याने वाट उघडली, पण त्यांच्या खर्चाची आणि विम्याची सोय दाखवावी लागते, आणि ७१ व्या वर्षी विम्यापाशीच गाडी अडते. त्या मागे राहिल्या तर कोणाकडे? माझ्या अंदाजाने हात तिथेच अडखळतोय. त्यांना विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. आज जेवताना विचारा, शीट समोर न ठेवता.

सहीआधी नवऱ्याने कंपनीकडे दोन गोष्टी मागाव्यात : पहिले तीन महिने किचनसकट सजवलेलं घर, आणि जर्मन क्लासची फी, दोघांची. नुसती त्याची नव्हे. तुम्ही तोवर कॉलेजकडून विषयवार तासांसह अभ्यासक्रमाची शिक्क्याची प्रत काढून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीने हे काम तिकडे पोचल्यावर काढलं, तर धाकट्या भावाला चार महिने कॉलेजच्या ऑफिसात हेलपाटे घालावे लागले.