सोडलेला मासा जगतो का?

प्रश्न: अमेरिकेत हौशी लोक मासा पकडून परत सोडतात म्हणे, पण तो पुढे जगला की मेला हे कळतं कसं?

उत्तर: मेक्सिकोच्या आखातातला रेड स्नॅपर घ्या, आपल्या तांबोशीच्याच कुळातला. खोलातून झटकन वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, मग सोडला तरी बिचारा वरच तरंगतो. संशोधक त्याला खोली मोजणारा अकूस्टिक टॅग (आवाजाचे सिग्नल सोडणारं छोटं यंत्र) लावतात, त्याचे सिग्नल पाण्यातले रिसीव्हर टिपतात. जिवंत मासा वरखाली करत राहतो, मेलेल्याचा ग्राफ एकदम सपाट. गोची कधी होते तर शार्कने टॅगसकट गिळला की, मग ग्राफ शार्कचाच! वजन लावून मासा खोल सोडायचं साधन मात्र खरंच कामाचं, २०२२ मध्ये तिथे ते किंवा पिशवीतली हवा काढायची सुई बोटीवर तयार ठेवणं कायद्याने सक्तीचं झालं.