टाटा सन्सचा ६६ टक्के नफा दानात जातो, हे खरं का?

नाही, नफ्याचा नव्हे, लाभांशाचा (नफ्यातला जो भाग कंपनी भागधारकांना वाटते, त्याचा) ६६ टक्के. टाटा सन्स ही टाटा समूहाची मुख्य कंपनी; समूहातल्या कंपन्यांचे शेअर तिच्याकडे असतात. तिचे स्वतःचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटा ट्रस्ट्स या धर्मादाय संस्थांकडे आहेत (सर दोराबजी टाटा ट्रस्ट २८, सर रतन टाटा ट्रस्ट साडेतेवीस, उरलेले लहान ट्रस्ट). पण शेअर असले म्हणून नफा आपोआप हातात पडत नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

टीसीएस या टाटांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे साधारण ७२ टक्के शेअर टाटा सन्सकडे आहेत; म्हणून तिने १०० रुपये लाभांश वाटला, तर साधारण ७२ टाटा सन्सला मिळतात. त्यातला मोठा भाग टाटा सन्स नव्या धंद्यांत आणि कर्जफेडीत घालू शकते. समजा, तिने त्यातले १० रुपये भागधारकांना वाटले, तर ट्रस्ट्सच्या खात्यात येतात ६ रुपये ६० पैसे. करमाफी टिकवायची तर धर्मादाय ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के साधारणपणे त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्च करावे लागतात. ठरावीक कामासाठी राखून ठेवायचे असतील तर वेगळा अर्ज भरून पाच वर्षांची मुदत मिळते. हे दान तरीही फार मोलाचं आहे, कारण मूळ भांडवल न मोडता पैसा पिढ्यान्‌पिढ्या येत राहतो.

एक मात्र ध्यानात ठेवा: टाटांचं नाव असलेली प्रत्येक संस्था आज ट्रस्टच्या पैशावर चालत नाही. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली ट्रस्टने उभारलं, पण १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.