पाठ असलेली कविता आठवेना, म्हणजे स्मृतिभ्रंश सुरू झाला का?

उतारवयातील अभ्यासक, शिक्षक आणि त्यांची मुले माझ्याकडे, म्हणजे एका समुपदेशकाकडे, एक प्रश्न वारंवार घेऊन येतात. आयुष्यभर तोंडपाठ असलेल्या कवितांच्या ओळी आता मध्येच सुटू लागल्या आहेत, तर ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजायची का? काही घरांतून हाच प्रश्न उलट बाजूने येतो: वडील अजूनही शेकडो ओळी न अडखळता म्हणतात, मग ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात याची काळजी कशाला करायची? पाठांतर हेच स्मृतीचे माप आहे, ही समजूत दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी असते. तिच्यामुळे काही माणसे विनाकारण खचतात आणि काहींचे उपचार लांबतात. म्हणून एका प्राध्यापिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

बाईंचे वय सत्तरीच्या पुढचे. कवितेतील वृत्तरचना हा त्यांच्या संशोधनाचा विषय आणि निवृत्तीनंतरही त्याच विषयावरील एका ग्रंथाचे काम चालू होते. पतीच्या निधनानंतर काही महिन्यांनी एका व्याख्यानात श्लोक म्हणताना त्या तिसऱ्या चरणात थांबल्या आणि पुढचा शब्द काही केल्या येईना. श्रोत्यांपैकी कोणीतरी तो सांगितला, व्याख्यान पारही पडले. परंतु त्या दिवसापासून त्यांनी रोज सकाळी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एक दीर्घ कविता म्हणायची, जिथे अडखळेल ती ओळ तारखेसह वहीत लिहायची, आणि चुका वाढल्या की त्या दिवशी लेखनाला हात लावायचा नाही. ग्रंथाचे एक प्रकरण त्यामुळे जागीच थांबले आणि व्याख्यानाची निमंत्रणे त्या परस्पर नाकारू लागल्या. "आई, तुला अजून एवढं पाठ आहे, तुला काय होणार आहे?" असे म्हणून मुलगा विषय संपवत असे. त्याच्या बोलण्यात माया होती, पण आपले म्हणणे कोणी ऐकतच नाही, ही बाईंची भावना त्यामुळे अधिकच पक्की झाली.

त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली आणि हिच्यावरून काही सांगता येईल का, असे विचारले. निदान करणे हे समुपदेशकाचे काम नाही, आणि अशा वहीवरून डॉक्टरांनाही निदान करता येणार नाही, हे मी त्यांना आधीच स्पष्ट सांगितले. तरीही वही मी बारकाईने वाचली, कारण त्यांच्या भीतीचे स्वरूप तिच्यात होते आणि शिवाय ती कवितेच्या अभ्यासकाची वही होती. चुकलेले बहुतेक शब्द वृत्तात अचूक बसत होते. शार्दूलविक्रीडित या वृत्तात प्रत्येक चरणात १९ अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे विराम, येतो. जिथे मूळ शब्द हरवला होता, तिथे बाईंनी तितक्याच अक्षरांचा, लघुगुरूंचा तोच क्रम असलेला आणि अर्थानेही जवळचा दुसरा शब्द नकळत घातला होता. हे मी दाखवले तेव्हा त्या कितीतरी वेळ वहीची पाने उलटत राहिल्या, कारण ज्या नियमांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले, ते नियम त्यांच्या चुकांमध्येही शाबूत होते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये मांडले की, आठवणे म्हणजे साठवलेली प्रत जशीच्या तशी वाचणे नव्हे, तर हाती असलेल्या खुणांवरून मजकूर पुन्हा उभा करणे होय. मौखिक परंपरांतील काव्याचा अभ्यास करणारे डेव्हिड रुबिन यांनी १९९५ मध्ये दाखवले की, अर्थ, लय आणि यमक ही बंधने एकत्र आली की एखाद्या जागी बसू शकणारे शब्द फार थोडे उरतात आणि त्यामुळे योग्य शब्द सापडणे सोपे जाते. म्हणजे कविता म्हणताना प्रत्येक ओळ पुढच्या ओळीची खूण पुरवत असते. सकाळची गोळी घेतली का, काल फोनवर कोण काय म्हणाले, डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवशी ठरली, या गोष्टींना ना वृत्त असते ना यमक. त्या एकदाच घडतात, मेंदूने त्या त्याच वेळी नोंदवून ठेवाव्या लागतात. कवितेचे पाठांतर आणि ही नोंद या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये प्रसंगांची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती असा भेद केला. लहानपणापासून असंख्य वेळा म्हटलेली कविता आता एखाद्या प्रसंगाची आठवण राहिलेली नसते. ती भाषेइतकीच अंगवळणी पडलेली असते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवले होते की, स्मृती ढासळू लागते तेव्हा आधी नव्या आठवणी जातात आणि जुन्या अधिक काळ टिकतात. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेल्या अल्झायमरच्या आजारात बहुधा असेच घडते, कारण नव्या आठवणी रुजवणारा हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतचे भाग त्यात लवकर बाधित होतात.

याच कारणामुळे एका सद्गृहस्थांची आठवण मला बाईंच्या संदर्भात सारखी येत होती. त्यांना शेकडो ओळी पाठ होत्या आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ते त्या खणखणीत आवाजात ऐकवत. मात्र कोणाला काय ऐकवले हे त्यांच्या लक्षात राहत नसे. हिशेब चुकू लागले, नेहमीच्या रस्त्यावर गोंधळ होऊ लागला, एकच प्रश्न तासाभरात तीनतीनदा येऊ लागला. घरच्यांनी मात्र कवितेवर भरवसा ठेवला आणि वैद्यकीय तपासणी दोन वर्षे लांबली. या दोन वर्षांत त्यांना स्वतःच्या इच्छा सांगता आल्या असत्या, आर्थिक व्यवहारांची व्यवस्था लावता आली असती आणि उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोलता आले असते. अल्झायमरवरील लेकेनेमॅबसारखी नवी औषधे केवळ सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने ती एमआरआयच्या देखरेखीखाली द्यावी लागतात आणि प्रत्येकाला चालत नाहीत, हे खरे. तरीही त्यांचा विचार करण्याची संधी उशीर झाल्यावर उरत नाही.

आता बाईंच्या अडखळण्याकडे वळू. शब्द ओठांवर आहे पण येत नाही, या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये केला. वाढत्या वयात ही अवस्था अधिक वेळा येते, विशेषतः माणसांच्या नावांच्या बाबतीत, असे त्यानंतरच्या संशोधनातून दिसले आहे. शब्दसंग्रह मात्र बहुतेकांचा टिकून राहतो आणि उतारवयापर्यंत वाढूही शकतो. त्यातून नेमका शब्द शोधून काढायला वेळ लागतो, एवढेच. व्याख्यानात अडलेला शब्द संध्याकाळी आपोआप सुचला असेल, तर तो मुळात हरवलेला नव्हता. वय झाले की नवे पाठांतर अशक्य होते, हेही खरे नाही. जॉन बेसिंजर या अमेरिकन अभिनेत्याने ५८व्या वर्षी मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' हे दहा हजारांहून अधिक ओळींचे महाकाव्य पाठ करायला घेतले आणि काही वर्षांत पूर्ण केले. पुढे ७४व्या वर्षी मानसशास्त्रज्ञांनी त्याची चाचणी घेतली, तेव्हाही त्याचे पाठांतर अत्यंत अचूक निघाले. त्याची रोजची स्मरणशक्ती मात्र असामान्य नव्हती, त्याच्या वयाच्या इतरांसारखीच होती. ही गोष्ट मी प्रत्येक अभ्यासकाला सांगते.

एवढे समजावून बाईंना घरी पाठवणे मला योग्य वाटले नाही. वयोमानाने असे होतेच, हे वाक्य कितीही खरे असले तरी तपासणीआधी ते म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. तपासणीचे नाव काढताच बाईंनी विरोध केला, आणि तो आजाराच्या भीतीमुळे नव्हता. निदान कागदावर आले की ग्रंथातील प्रत्येक विधानावर शंका घेतली जाईल, संपादक आणि विद्यार्थी आपल्याला हळूच बाजूला सारतील, ही त्यांची भीती होती. ती निराधार आहे असे मी म्हटले नाही, कारण तसे घडताना मी पाहिले आहे. आम्ही एवढेच ठरवले की, तपासणीचा निकाल कोणाला, केव्हा आणि किती सांगायचा हे बाई स्वतः ठरवतील, आणि त्यांच्या अनुमतीशिवाय मुलगाही तो नातेवाइकांत बोलणार नाही. मुलाने हे मान्य केले, तेव्हा त्या तपासणीला तयार झाल्या.

डॉक्टरांकडे जाताना एकूण एक औषधे बरोबर नेण्याचा आग्रह मी धरला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेलीही. हा आग्रह सर्वांनीच धरावा. बाई झोपेसाठी अॅलर्जीवरची जुन्या प्रकारची गोळी रोज रात्री घेत होत्या आणि वारंवार लघवीला जावे लागते म्हणून दुसरे एक औषध चालू होते. ही दोन्ही औषधे अॅसिटिलकोलीन या रसायनाचा परिणाम रोखतात आणि स्मृतीला तर त्याची गरज असते. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी अमेरिकेत मार्क बिअर्स यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये तयार झाली; अशी औषधे तिच्या आजच्या आवृत्तीतही आहेत. याखेरीज डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी१२ जीवनसत्त्व तपासले, श्रवणचाचणी करवली आणि उदासीनतेबद्दल नीट विचारपूस केली. या सर्वांचा स्मृतीशी थेट संबंध आहे. बी१२ कमी असेल तर स्मरणावर परिणाम होतो, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. नीट ऐकू न आलेले वाक्य मुळात नोंदलेच जात नाही, आणि आपण मात्र ते विसरलो असे समजतो. दीर्घकाळचे दुःख लक्ष आणि उमेद दोन्ही खाते, त्यामुळे उदास माणसाची स्मृती तपासताना ती आहे त्याहून वाईट दिसू शकते.

स्मृतीच्या चाचणीबद्दल थोडे सविस्तर सांगते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोका ही ३० गुणांची चाचणी अनेक ठिकाणी वापरतात. मात्र आयुष्य भाषेत घालवलेल्या माणसाला अशा छोट्या चाचणीत चांगले गुण मिळूनही सुरुवातीची घसरण झाकली जाऊ शकते, म्हणून बाईंची अधिक तपशिलाची चाचणी घेण्यात आली. ऐकवलेल्या शब्दांपैकी स्वतःहून आठवलेले शब्द त्यांच्या शिक्षणाच्या मानाने कमी होते. पण 'यात एक फूल होते', 'एक वाद्य होते' अशी खूण देताच जवळजवळ सर्व शब्द आले. खूण दिल्यावर आठवण येते तेव्हा नोंद झालेली असते आणि अडचण बहुधा शोधण्यात असते. अल्झायमरमध्ये नोंदच कच्ची राहत असल्याने खुणेचा उपयोग कमी होतो. एवढ्या एका गोष्टीवरून निष्कर्ष काढत नाहीत, पण इतर निष्कर्षांबरोबर ती मोलाची ठरते. बाईंचे पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधांच्या वेळा हे सर्व व्यवस्थित होते.

डॉक्टरांनी रात्रीची गोळी टप्प्याटप्प्याने बंद केली, लघवीचे औषध बदलले, श्रवणयंत्र सुचवले आणि उदासीनतेवर उपचार सुरू केले. पतीच्या जाण्याबद्दल आम्ही त्याच सुमारास प्रथमच मोकळेपणाने बोललो. काही महिन्यांत लक्ष टिकू लागले आणि थांबलेले प्रकरण पुढे सरकले. शब्द अजूनही कधी अडतो. डॉक्टरांनीही काहीच नाही असे म्हटले नाही. वर्षभराने तीच चाचणी पुन्हा घ्यायचे ठरवले, कारण बदल होतो आहे की नाही हे दोन चाचण्यांच्या तुलनेतूनच कळते.

सकाळची परीक्षा बंद करण्याविषयी मात्र आमचा बराच काळ वाद झाला. आठवून पाहण्याने स्मरण पक्के होते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांनी दाखवले आहे, आणि बाईंनी तोच मुद्दा माझ्यापुढे ठेवला. तो योग्यच होता. मी एवढेच सुचवले की, मजकूर शेजारी असावा, अडले की लगेच पाहावे आणि चुकांची मोजदाद ठेवू नये. निर्णय देण्यासाठी घेतलेल्या परीक्षेत भीतीच निम्मे लक्ष खाते. व्याख्यानातही त्या आता श्लोक कागदावर ठेवतात. पाठांतरामुळे स्मृतिभ्रंश टळतो असे मात्र मी कोणालाही सांगत नाही, कारण त्याला पुरेसा आधार नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ धोक्याची कारणे दिली आहेत. श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकाकीपणा आणि व्यायामाचा अभाव ही त्यांपैकी काही. कवितेबरोबर लक्ष द्यायचे ते याकडे.

घरच्यांनी पाहायचे ते हे की, नुकतेच झालेले बोलणे खूण देऊनही आठवत नाही का, ओळखीच्या कामांतील क्रम चुकतो का, परिचित जागी रस्ता हरवतो का, आणि त्या माणसाची अडचण त्याच्यापेक्षा इतरांनाच अधिक जाणवते का. यांपैकी काहीही काही महिन्यांपासून वाढत असेल, तर कितीही कविता पाठ असल्या तरी डॉक्टरांची वेळ घ्यावी. गोंधळ काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल, माणूस गुंगीत असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वागण्यात फरक पडला असेल, तर वेळ घेण्याची वाट पाहू नये. जंतुसंसर्ग, औषधाचा परिणाम किंवा मेंदूभोवतीचा रक्तस्राव यांमुळे असे होते, आणि त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते.