बाळाचे हात मोकळे सोडा

परदेशात बाळ जन्मलं, घरात जाणतं माणूस नसलं, की आईबाबांना एकच काळजी पडते: बाळाची हालचाल नीट सुरू व्हावी म्हणून कोणती खेळणी, कोणते दिवे, कोणतं संगीत आणायचं? माझ्या मते पहिले दोन महिने यातलं काहीही आणायची गरज नाही. घर उबदार असेल, तर आधी बाळाच्या हातातले मोजे काढा.

१९९५ साली संशोधक ऑड्री व्हॅन डर मीर आणि सहकाऱ्यांनी अवघ्या काही आठवड्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. बाळ उताणं, मान एका बाजूला वळलेली आणि दोन्ही मनगटांना पायांच्या दिशेने हलकीशी ओढ. बाळाला जो हात दिसत होता, तो त्याने जोर लावून वर धरला. न दिसणारा खाली ओढला गेला. तोच हात छोट्या पडद्यावर दाखवला, तेव्हा मात्र बाळाने तोही सावरला! आपल्याला वाटतं, बाळ उगीच हात झाडतंय. खरं तर ते स्वतःचा हात बघत, तो कसा हलतो ते जोखत असतं. पुढे वस्तूकडे हात नेण्याची तयारी इथूनच होते, आणि मोज्यात झाकलेल्या किंवा दिवसभर दुपट्यात बांधलेल्या हातांना ही संधीच मिळत नाही.

नजरेइतकाच वासही बाळाला हलवतो. आईच्या दुधाचा वास आला की नवजात बाळ मान वळवतं, पाय रेटत त्या दिशेला सरकू पाहतं. आईचा आवाज तर ते जन्मापासून ओळखतं. म्हणून चेहरा २० ते ३० सेंटिमीटरवर आणा, मराठीत बोला, हळूच बाजूला सरका आणि थांबा. वळायला त्याला वेळ लागतो. घाई करू नका. व्हिडिओ कॉलवर आजीचा आवाज जरूर ऐकवा, पण बाळाचं तोंड पडद्याऐवजी तुमच्याकडे असू द्या.

जागं असताना बाळाला पोटावर ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं सांगते. सुरुवात तुमच्या छातीवर, दोन-दोन मिनिटांनी केली तरी चालेल. झोपवताना मात्र नेहमी उताणंच. आणि गाडीतून उतरल्यावर बाळाला कार सीटमध्येच तासन्‌तास ठेवू नका, तिथे त्याला हलताच येत नाही.

बाळाने तोंड फिरवलं, बोटं ताठ पसरली, कुरकुर सुरू केली, तर त्याला पुरे झालंय. बोलणं, हलवणं सगळं थांबवा, नुसतं जवळ घ्या.

बाळ कायम एकाच बाजूचे हातपाय हलवत असेल, अंग फार सैल किंवा ताठ वाटत असेल, मोठ्या आवाजाला अजिबात दचकत नसेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर त्याच्या प्रगतीचा हिशोब जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचा, हेही त्यांच्याशी बोलून घ्या.